गेलेल्या माणसाच्या कपड्यांची वाकळ: कापड, टाके आणि पाहुण्यांची फेरी

ट्रंकेतली लुगडी आणि कपाटातले सदरे तेराव्याच्या आत वाटून टाकायची घाई करू नका. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात माणूस गेलं की त्याचे कपडे गरजूंना द्यायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. द्यायचं ते जरूर द्या, पण पाच-सहा सुती कपडे आधी बाजूला काढा आणि धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात बांधून ठेवा. लगेच कात्री लावू नका. महिना-दीड महिन्यानं पाहुण्यांची ये-जा थांबते, दुपारचं घर खायला उठतं, तेव्हा हे गाठोडं सोडायचं आणि त्याची वाकळ, म्हणजे जुन्या कापडांचे पदर हातानं शिवून केलेली गोधडी, करायला घ्यायची.

त्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. गेलेल्याचं कापड अंगावर घेऊ नये असं मानणारी माणसं आहेत. त्यांच्याशी वाद घालून शिवलेली वाकळ शेवटी माळ्यावरच जाते. अशा घरात वाकळ हयात माणसांच्या जुन्या कपड्यांची करावी आणि गेलेल्याच्या कापडातला फक्त काठ कडेला लावावा. याला सहसा कुणी हरकत घेत नाही.

वाकळच का, स्वेटर किंवा भरतकाम का नाही? विणकामात घरं मोजावी लागतात. लक्ष उडालं की दहा ओळी उसवाव्या लागतात, आणि दुःखातल्या माणसाचं लक्ष उडतंच. कसुतीत, म्हणजे इकडच्या कानडी भरतकामात, तर कापडाचे धागे मोजायचे असतात. वाकळेला सरळ धावदोरा लागतो, बाकी काही नाही. ओळ अर्धी टाकून उठलं तरी बिघडत नाही, डोळे भरून आले तरी हात चालू राहतो, आणि चार माणसं चार बाजूंनी बसू शकतात. दवाखान्यात महिनोन्महिने पेशंटजवळ बसणाऱ्यांनाही हे काम जमतं, फक्त माप लहान घ्यावं: अडीच फूट बाय तीन फुटांचं दुपटं पिशवीत मावतं.

कापड कुठलं घ्यायचं

सगळ्यात सोपं म्हणजे सुती नऊवारी लुगडं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास, २७ फूट. आधी दोन्ही बाजूंचे काठ कापून गुंडाळून ठेवा, शेवटी लागतात. मग लुगड्याची लांबीत चौपदरी घडी घाला. साधारण पावणेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद असा एका माणसाच्या वाकळेचा पाया तयार होतो. लुगड्याला दंड, म्हणजे विरलेला भाग काढून मारलेली जोडशिवण, घातलेला असेल तर तो घडीच्या आतल्या पदरात जाईल असं बघा, कारण त्या जाड शिवणीवर सुई अडते. सहावारी साडी साडेपाच मीटर, म्हणजे १८ फूट असते. तिच्या तीन पदरांत सहा फुटांची वाकळ होते, पण ती पातळ पडते, म्हणून मध्ये एखादं धोतर किंवा लुंगी घालावी. एकूण पाच-सहा पदर पुरेत. सातव्या पदरानंतर सुई ढकलताना अंगठा सुजतो आणि टाका खालपर्यंत पोचत नाही. वरून ओळ दिसते आणि खालचा पदर मोकळाच लोंबत राहतो.

कापड ताकदीचं आहे का ते बघायला दोन्ही अंगठ्यांत धरून आडवं ताणा. चर्रकन फाटलं तर ते वरच्या पदराला नको. आत घाला, तिथं विरलेलं चालतं, उलट मऊपणा येतो. सुती आहे की नाही याची खात्री नसेल तर दोन धागे काढून अंगणात चिमट्यानं धरा आणि काडी लावा. कागदासारखे जळून राख झाली तर सुती, वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. पॉलिस्टरचा पदर मध्ये घातला की शेजारचे पदर त्यावरून सरकतात आणि दोन-तीन धुण्यांत वाकळेत गोळे होतात. वडिलांचे किंवा आजोबांचे सदरे बहुतेक टेरिकॉटचे, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेल्या सुताचे निघतील. ते पदर म्हणून घेऊ नका, पण वरच्या अंगाला तळहाताएवढी ठिगळं म्हणून छान बसतात. खिसा बटणासकट लावला तर लहान नातवंडांचा हात नेमका तिथंच जातो.

मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावातच असल्यानं या भागात निवृत्त फौजींची घरं पुष्कळ. गणवेशाचं जाड कापड वाकळेत घालायचा मोह होतो, पण दुहेरी शिवणीवर सुया मोडतात. बिल्ले आणि पितळी बटणं डबीत ठेवा, कापडाची एखादी एकेरी पट्टी घ्या, बाकी राहू द्या.

दुखवट्याला आलेली साडी अनेक घरांत तशीच घडीत पडून असते, कुणाला नेसवत नाही. ती सुती असेल तर खालच्या अंगाचं अस्तर म्हणून वापरा. मात्र नवं कापड आधी दोनदा धुऊन वाळवा. जुनं लुगडं आटायचं तेवढं आटलेलं असतं, नवं आटत असतं. दोन्ही तसंच शिवलं तर पहिल्या धुण्यात अस्तर आखडतं आणि वरच्या अंगाला पोळीसारखे फुगे येतात.

रंग जातो का तेही आताच बघा. ओल्या पांढऱ्या चिंधीनं जोरात पुसा. चिंधीला लाल किंवा निळा डाग लागला तर ते कापड कितीही जीव लावलेलं असो, वाकळेत नको. मिठाच्या पाण्यात बुडवून जाणारा रंग बसतो यावर फार विसंबू नये.

आजारी माणसाचे कपडे गरम पाण्यात भिजवून, धुऊन, दोन कडक उन्हं दाखवा. खरजेसारखा त्वचारोग असेल तर त्याआधी आठवडाभर पिशवीत बांधून ठेवा. एक कपडा मात्र न धुता वेगळा काढून ठेवायला हरकत नाही. रुमाल, टोपी, असं काहीही. वास टिकावा म्हणून तो प्लॅस्टिकमध्ये नको, बुरशी येते. कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवा, आणि डांबराच्या गोळ्या त्या डब्यात टाकू नका, नाहीतर डांबराचाच वास उरतो.

पाहुण्यांची फेरी

पाया घरच्या लुगड्याचा असला तरी ठिगळं मागून आणावीत. लेकी निपाणी, गडहिंग्लज, चंदगडला दिलेल्या, आत्ती खानापूरला, धाकटा मुलगा पुण्यात, असा गोतावळा सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला असतो. प्रत्येक घरातून हातभर सुती कापड आणायचं. फोनवरच नीट सांगा: “जुनं, धुतलेलं, सुती, हातभर.” नुसतं “काहीतरी द्या” म्हटलं की लोक नवी साडी काढतात, मग नाही-हो करण्यात दुपार जाते.

सुतक फिटल्यावरच निघा आणि एका दिवसात दोनच घरं धरा. तिसऱ्या घरी पोचेपर्यंत तीच हकीकत तिसऱ्यांदा सांगून माणूस गळून गेलेला असतो. दुखातल्या माणसाला एकटं पाठवू नये. बरोबर नातवंड असलं तर उत्तम, प्रवासात बोलणं दुसरीकडं वळतं. निघताना जेवणाची वेळ सांगून ठेवा, कारण या भागात दुपारी आलेल्याला कुणी उपाशी परत पाठवत नाही आणि अचानक गेलं तर त्या घरच्या वैनीची धावपळ होते.

बसचं गणित असं. कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत सरकारी साध्या बसमधून राज्यात फुकट प्रवास आहे. पत्ता कर्नाटकातला असलेलं आधार किंवा तसलं सरकारी ओळखपत्र जवळ ठेवा. त्यामुळं बेळगाव–खानापूर, बेळगाव–निपाणी, बेळगाव–सौंदत्ती या फेऱ्यांना खर्च येत नाही. राजहंस, स्लीपर, एसी गाड्यांना ही सवलत नाही. कोल्हापूरकडं किंवा चंदगडकडं जाणाऱ्या गाडीत चढण्याआधी कंडक्टरला विचारून घ्या. महाराष्ट्राच्या एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीतल्या अंतरापुरतंच, म्हणून एकाच प्रवासात तिकिटाचा हिशोब दोन तऱ्हेचा होतो. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि सारखं लघवीला जावं लागणाऱ्यांनी मिरज–लोंढा मार्गावरची रेल्वे बघावी. रायबाग, चिकोडी रोड, घटप्रभा, बेळगाव, खानापूर, लोंढा अशी स्टेशनं त्यावर आहेत आणि डब्यात संडास असतो. ‘चिकोडी रोड’ म्हणजे चिकोडी गाव नव्हे, उतरल्यावर पुढं बस धरावी लागते.

कापडाच्या निमित्तानं घराबाहेर पडलेलं माणूस अजून तासभर फिरायला तयार होतं, याचा फायदा घ्या. खानापूरच्या पाहुण्यांकडून पुढं हलशी गाठता येतं. कदंबांच्या वेळचं भूवराह नरसिंहाचं देऊळ आहे, गर्दी कमी, दगडी ओटा गार, नुसतं बसून राहिलं तरी कुणी काही विचारत नाही. जांबोटीकडून कणकुंबीला जाता येतं. मलप्रभा तिथंच उगम पावते. पण कणकुंबीची वाट पावसाळ्यात नको: जुलै-ऑगस्टमध्ये तिथं पावसाला उसंत नसते आणि चोर्ला घाटाकडं धुकं दाट. गोकाकचा धबधबा मात्र पावसाळ्यातच बघण्यासारखा असतो, उन्हाळ्यात खडक तेवढे दिसतात. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर पौर्णिमेला किंवा मंगळवार-शुक्रवारी जाऊ नका, ज्याला शांतता हवी त्याला तिथली रेटारेटी सोसत नाही. घरी मानता असेल तर साधा बुधवार बघा.

आणलेल्या प्रत्येक कापडाला तिथल्या तिथं कागदाची चिठ्ठी टाचा: कुणाचं, कुठल्या गावचं. घरी आल्यावर चार पांढरी धोतरं एकसारखीच दिसतात.

पदर लावणं आणि कच्चा टाका

दोरा जाड पांढरा सुती घ्या. दुकानात वाकळेचा किंवा कौदीचा दोरा म्हणून मागितला की कळतं. कानडी घरांत वाकळेला कौदीच म्हणतात. पॉलिस्टरचा दोरा तुटत नाही म्हणून लोक घेतात, पण तो जुन्या मऊ कापडालाच कापत जातो. किती लागेल? ओळीत एका बोटाचं, म्हणजे दोनेक सेंटिमीटरचं अंतर ठेवलं तर वर सांगितलेल्या मापात पन्नास-साठ ओळी बसतात. एकूण शिवण सव्वाशे मीटरच्या आत-बाहेर. दोरा दुहेरी वापरायचा, गाठींत वाया जातो, म्हणून ३०० मीटर धरा आणि ४०० आणा. सुई दोन-सव्वादोन इंच लांब आणि मोठ्या नेढ्याची हवी. दाभण घेऊ नका, त्याची भोकं धुतल्यावर मोठी होतात. अंगुस्तान हवंच. शिवाय सायकलच्या जुन्या ट्यूबचा बोटभर तुकडा अंगठ्यापाशी धरला तर पाच पदरांतून सुई ओढायला निम्मं बळ लागतं.

सोप्यातली फरशी पुसून कोरडी करा. खालचा पदर उलटा अंथरा, मग आतले, मग वरचा. प्रत्येक पदर अंथरल्यावर दोघांनी समोरासमोरचे कोपरे धरून ताणायचा आणि मधून कडेकडं तळहात फिरवायचा. चार कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, विटा, जे जड असेल ते ठेवा. आता वीतभर अंतरानं कच्चा टाका घाला, मधल्या ओळीपासून सुरू करून दोन्ही कडांकडं जात. नवशिके नेमकं उलट करतात. आधी चारी कडा पक्क्या शिवतात आणि मधलं जास्तीचं कापड जायला जागा न उरल्यानं मध्ये सुरकुत्यांचा डोंगर होतो. तो पुढं कशानंही सपाट होत नाही, उसवावंच लागतं.

खानापूर, हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या, बायका मात्र कडेपासूनच सुरू करतात. एका कोपऱ्यातून निघून चारी बाजूंनी फिरत फिरत आत मध्यापर्यंत येतात. त्यांना ते साधतं, कारण त्या ठिगळं आधी लावून घेत नाहीत. हातानं कापड सपाट करत, लागेल तसा एकेक तुकडा दुमडून बसवत पुढं जातात, त्यामुळं जास्तीचं कापड साठतच नाही. कोपऱ्यांना दुमडलेल्या तुकड्यांची फुलं लावल्याशिवाय त्यांची वाकळ पुरी होत नाही. ही रीत बघून शिकण्यासारखी आहे, वाचून नाही. पहिली वाकळ कच्च्या टाक्यानंच करा.

ठिगळं कच्च्या टाक्यानंतर लावायची. कडा अर्धा सेंटिमीटर आत दुमडून, बोटानं दाबून, टाचणी लावून. चौकोन सारखे कापायच्या नादाला लागू नका. ज्या घरातून जेवढं आलं तेवढं लावा.

धावदोरा

दोरा वावभरच घ्या, म्हणजे दोन्ही हात पसरून होतो तेवढा, आणि तो दुहेरी करा. त्याहून लांब घेतला की पीळ बसून गुंता होतो. मेणबत्तीवरून एकदा ओढला तर सरळ राहतो. गाठ वर ठेवू नका, वरच्या दोन पदरांच्या मध्ये ओढून घ्या. अर्ध्या सेंटिमीटरचा टाका, तेवढंच अंतर, सुईवर चार-पाच टाके भरून मग ओढ. ओढताना कापड चुणलं तर लगेच बोटानं मागं सारा. रागात किंवा घाईत शिवलेल्या ओळी हमखास आखडतात. तसं दिसलं की त्या दिवशी सुई खाली ठेवा. दोन बोटांहून विरळ ओळी घातल्या तर काम लवकर संपतं, पण वर्षभरात आतली धडुती एका कोपऱ्यात गोळा होतात.

मीटरभर ओळीला सरावलेल्या हाताला आठ-दहा मिनिटं लागतात. म्हणजे पुरी वाकळ सोळा ते वीस तासांचं काम. एकट्यानं रोज तासभर केलं तर तीन आठवडे, दोघांनी केलं तर दहा दिवस. रोज तासाहून जास्त नको, मनगट आणि मान धरतात. सांजवेळी मन जास्तच उदास होतं म्हणून तेव्हाच काम काढावंसं वाटतं, पण पिवळ्या दिव्यात पांढऱ्यावर पांढरा टाका दिसत नाही. दुपारी तीन ते पाच सगळ्यात बरं.

घरातल्या प्रत्येकाला काम वाटून द्या, पण शिकवायला जाऊ नका. मुलांनी सुया ओवून उशीवर टोचून ठेवायच्या. आज्जीचे डोळे अधू असतील तर तिनं काठ उसवायचे, त्याला नजर कमी आणि बोटं जास्त लागतात. घरातले आप्पा-तात्या बहुधा म्हणतील, “मला काय जमतंय?” त्यांच्या हाती कात्री आणि फूटपट्टी द्या, किंवा नुसतं वरवंटा सरकवायला बसवा. समोर बसून डोळ्यांत डोळे घालून जे बोलणं होत नाही, ते माना खाली घालून होतं. शाळा कानडीत शिकणारी नातवंडं चिठ्ठ्यांवरची मराठी नावं वाचताना अडखळतात. वाचू द्या, चुकीचं वाचलं की आज्जी आपणहून त्या माणसाची गोष्ट सांगायला लागते. कुणाच्या टाक्याला नावं ठेवू नका आणि रात्री गुपचूप उसवून नीटही करू नका. ज्याचं त्याला कळतं.

एक नियम कडक पाळा: बसताना सुया मोजायच्या, उठताना मोजायच्या. पाचाच्या चार झाल्या तर त्या वाकळेवर त्या दिवशी कुणी लोळणार नाही. लोहचुंबक फिरवा.

शेवटी बाजूला ठेवलेला काठ काढा. चारी कडांना मिळून एकवीस फूट लागतो. मधोमध दुमडून कडेवर गोट म्हणून बसवा आणि दुहेरी धावदोरा घाला. कोपऱ्यावर काठ कापायचा नाही, दुमडून वळवायचा. कापलेला कोपरा आधी फाटतो. जरीचा काठ गालाला टोचतो, तो पायाकडच्या बाजूला घ्या. नावं घालायची असतील तर धावदोऱ्यानं एकदा जाऊन त्याच भोकांतून परत यायचं. कसुतीत याला गवंती म्हणतात, अक्षर दोन्ही अंगांनी सारखं दिसतं. काही घरांत शेवटचं ठिगळ बंद करण्याआधी वाकळेचं पोट भरावं म्हणून तांदळाचे दाणे ठेवतात. ठेवायचे तर चार-पाचच; मूठभर ठेवले की उंदीर येतात.

पहिलं धुणं गार पाण्यात, साबण कमी. भिजलेली वाकळ एकट्यानं उचलू नका, कंबर धरते. पिळायची नाही, दगडावर अर्धा तास निथळू द्यायची. एका दोरीवर लोंबती टाकली तर पाण्याच्या वजनानं मधले टाके तुटतात, म्हणून दोन दोऱ्यांवर किंवा गच्चीच्या कठड्यावर पसरा आणि दुपारी पालटा. पावसाळ्यात धुवूच नका, आतले पदर चार दिवस ओले राहून कुबट होतात. दसऱ्याच्या आधी घरातली सगळी अंथरुणं निघतात, तेव्हाच हीही काढा.

हे सगळं करूनही काही माणसं उठत नाहीत. जेवण तुटलेलं, झोप नाही, बोलणं “आता कशाला जगायचं” इथपर्यंत आलेलं असेल तर वाकळेची वाट बघत बसू नका. १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा फुकट सरकारी नंबर आहे, मराठीतही बोलता येतं आणि कानडीतही. प्रत्यक्ष दाखवायचं तर धारवाडला डिमहान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे. बरोबर एकानं जावं आणि चालू गोळ्यांच्या चिठ्ठ्या न्याव्यात.

नऊवारीचा उरलेला काठ, तीसेक फूट तरी असतो, फेकू नका. गुंडाळून वाकळेच्या घडीतच ठेवा. रोजच्या वापरात तीन-चार वर्षांनी सगळ्यात आधी डोक्याकडची कड विरते, आणि तेव्हा त्याच रंगाचं, तेवढंच धुतलेलं कापड बाजारात मिळत नाही.